वाघाला नाव, माणसाला नाही : फोटोस्पर्धेचे नियम वाचताना

फोटोग्राफी स्पर्धेचा निकाल लागला की आपण विजेता फोटो बघतो, लाईक करतो आणि पुढे जातो. रिसर्च करणाऱ्याने मात्र आधी नियमावली वाचावी. प्रदर्शनाच्या भिंतीवर काय लागणार, हे परीक्षक बसायच्या आधीच तिथे अर्धंअधिक ठरलेलं असतं. सिनॉप्सिसमधला ‘संज्ञांच्या व्याख्या’ हा भाग आपण घाईत उरकतो ना, त्याची ताकद कळायला याच्याइतकं सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही. त्यासाठी आपलेच दोन जिल्हे घेऊ : चंद्रपूर आणि गडचिरोली.

व्याख्या काय म्हणते?

हौशी आणि नवोदित छायाचित्रकार अनेकदा सलोन प्रकारच्या स्पर्धांमधून पुढे येतात. त्यात ‘नेचर’ नावाचा एक विभाग असतो. फियाप ही आंतरराष्ट्रीय संघटना, अमेरिकेची पीएसए आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मागच्या दशकात मिळून या विभागाची व्याख्या मान्य केली. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी ही फियापची भारतातली सदस्य, त्यामुळे आपल्याकडच्या सलोनमध्येही ती व्याख्या आली.

तिचा सारांश असा : निसर्गविज्ञानाच्या सगळ्या शाखा चालतील, मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व सोडून. फोटोत माणसाच्या खुणा नकोत. माणसाने बदललेल्या जागेत रुळलेला प्राणी असेल, उदाहरणार्थ कोठारात राहणारं घुबड, तर अपवाद. शास्त्रज्ञांनी घातलेली रेडिओ कॉलरही चालते.

आता ही व्याख्या ताडोबावर ठेवून बघा. 1955 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प. पण ‘ताडोबा’ हे नाव त्याहून कितीतरी जुनं. वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाची कथा गोंड लोक सांगतात. तोच पुढे देव झाला आणि त्याचं ठाणं तलावाकाठी आहे. कोअरमधली बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी ही गावं उठवून बाहेर वसवली गेली. सुमारे 1,100 चौरस किलोमीटरच्या बफरमध्ये आजही गावं आहेत, शेतं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला बायामाणसं जंगलात जातात. वाघाच्या हल्ल्याच्या बातम्याही याच दिवसांत वाढतात. तिकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे तिथली ग्रामसभा स्वतःच्या जंगलातला बांबू विकू लागली.

व्याख्येच्या चाळणीतून यातलं काय खाली उतरतं? कॉलर घातलेला वाघ ‘निसर्ग’ आहे. औष्णिक वीज केंद्राच्या झुडपात फिरणारा वाघ अपवादाच्या दारातून कदाचित आत येईल. मोहफुलं वेचणारी बाई मात्र बाहेर. ग्रामसभेचा बांबू बाहेर. कोठारातल्या घुबडाला जी सवलत आहे, ती मोहाखालच्या माणसाला नाही.

मग माणूस जातो कुठे?

तो ‘पोर्ट्रेट’ किंवा ‘ट्रॅव्हल’ विभागात जातो. तिथे माडिया म्हातारीचं गोंदण येतं, दागिने येतात, सुरकुत्या येतात. वाघांच्या फोटोंखाली आपण माया, मटकासूर, वाघडोह अशी नावं वाचतो. म्हातारीच्या फोटोखाली बहुतेक वेळा काळ, परंपरा, नजर असला काहीतरी शब्द असतो. तिचं नाव काय, गाव कुठलं, फोटो स्पर्धेला जाणार हे तिला विचारलं होतं का, यातलं काहीच नसतं. वाघिणीची वंशावळ तोंडपाठ आणि बाईचं नाव गायब, ही माझी या स्पर्धांबद्दलची मुख्य तक्रार आहे.

नियमामागे कारणही आहे

टीका करताना समोरच्याची सगळ्यात भक्कम बाजू आधी मांडायची, हे तुम्हाला शोधनिबंधातही करावंच लागणार आहे. माणूस नको म्हणणारा नियम बनवाबनवी रोखायला उपयोगी पडतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत 2009 मध्ये कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो जिंकला होता. तो लांडगा बहुधा शिकवलेला, पाळीव आहे असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि 2010 मध्ये तो फोटो बाद झाला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. तेव्हा कडक नियम हवेतच. पण फसवणूक रोखणं वेगळं आणि जंगलाच्या गोष्टीतून तिथला माणूस काढणं वेगळं. एकाच वाक्यात दोन्ही कामं उरकली की दुसरं काम कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि फोटो काढणार कोण? वरच्याच लंडनच्या स्पर्धेत सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फी नाही. पण लांब पल्ल्याची लेन्स आणि जिप्सीचं भाडं फुकट नसतं. ताडोबाच्या कोअर सफारीत मोबाईल नेता येत नाही, कॅमेरा नेता येतो. गर्दी आणि गोंगाट रोखायला ही बंदी योग्यच आहे. परिणाम मात्र असा की बफरमधल्या ज्या पोराकडे फक्त मोबाईल आहे, त्याच्या वाट्याला वाघाचा फोटो येत नाही. आणि त्याच्या अंगणातलं जंगल व्याख्येत बसत नाही.

दुसऱ्या प्रकारे विचारलं तर?

2016 मध्ये याच लंडनच्या स्पर्धेत ‘अर्बन’ विभागात मुंबईच्या नयन खानोलकर यांचा फोटो जिंकला : आरे परिसरातल्या वस्तीच्या गल्लीतून जाणारा बिबट्या. घरं आहेत, दिवा आहे, म्हणून तर फोटोला अर्थ आहे. 2021 मध्ये दहा वर्षांचा बंगळुरूचा विद्युन हेब्बार युवा गटात पहिला आला. त्याचा विषय भिंतीच्या फटीतला कोळी आणि मागे रंगांचा पट्टा, जाणाऱ्या रिक्षाचा. त्याला सफारी लागली नाही. विभाग बदलला की पुरावा बदलतो, हे इथे स्पष्ट दिसतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत उद्या कुणी नवोदितांची स्पर्धा भरवली, तर ‘जंगल आणि आम्ही’ असा एक विभाग ठेवावा, मोबाईलचे फोटो घ्यावेत आणि फोटोतल्या माणसाचं नाव व संमती सक्तीची करावी. यात खर्च काहीच नाही.

तुमच्या आराखड्यासाठी यातून तीन प्रश्न घ्या. माझ्या व्याख्येमुळे कोण बाहेर राहिलं? ते बाहेर ठेवायला माझ्याकडे कारण आहे, की आधीच्या प्रबंधातून वाक्य तसंच उचललंय? आणि ज्यांना आत घेतलं, त्यांना मी नाव दिलं की नुसता नमुना क्रमांक? गोपनीयतेसाठी नाव लपवणं ही जबाबदारी आहे. नाव न विचारणं हा आळस आहे. व्हायव्हाला बसलेल्या परीक्षकाला हा फरक बरोबर कळतो.