नात्याचे नाव आणि वार्धक्य

वार्धक्याचे साहित्य म्हटले की मराठी वाचकाला प्रथम ‘नटसम्राट’ (१९७०) आठवते. आप्पासाहेब बेलवलकरांचे दुःख आपण अर्धशतकाहून अधिक काळ ऐकत आलो. कावेरी मात्र त्या दुःखाची सहप्रवासी म्हणूनच लक्षात राहते. तिच्या म्हातारपणाला स्वतंत्र आशय असू शकेल काय, हा प्रश्न नाटकाने विचारलेला नाही. आपल्या समीक्षेनेही तो फारसा विचारला नाही. स्त्रीचे वय हा विषय मराठी कथासाहित्यात आला तो वेगळ्याच टोकाने. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) मधील शिकलेल्या मुलींना भिववते ते लग्नाचे वय. पुढे स्त्रीवादी समीक्षेने विवाह, मातृत्व आणि घर सोडणे यांचे अन्वय लावले, परंतु तिचा भर तरुण आणि मध्यमवयीन नायिकेच्या आत्मशोधावर राहिला. त्या शोधाचे सत्तरीनंतर काय होते, हे पाहण्यासाठी हिंदीतील तीन कृती शेजारी ठेवून वाचणे उपयुक्त ठरते : कृष्णा सोबती यांच्या ‘ऐ लड़की’ (१९९१) व ‘समय सरगम’ (२०००) आणि गीतांजलि श्री यांची ‘रेत समाधि’ (२०१८).

‘ऐ लड़की’मध्ये मृत्युशय्येवरची आई आणि तिची अविवाहित मुलगी यांचा संवाद आहे, खरे तर ते आईचेच अखंड बोलणे आहे. देह खचत असताना वाणी मात्र प्रखर होत जाते. या आईला स्वत्व गवसते ते मुलीतून पुढे जाण्यात, आणि म्हणूनच मुलीचे एकटेपण तिला एकाच वेळी खुपते आणि खुणावते. येथे नामाभिधानाकडे लक्ष द्यायला हवे. आई ‘अम्मू’ आहे, मुलगी नुसती ‘लड़की’. घरात विशेषनामाने वावरते ती पगारी परिचारिका सूसन. जी नात्यात नाही तिलाच नाव आहे, हा योगायोग मानणे मला कठीण जाते. (आपल्याकडेही केस पिकलेल्या बाईला बसचा वाहक विनासायास ‘आजी’ करून टाकतो. त्यात जिव्हाळा असतो, पण नाव पुसले जातेच.)

‘रेत समाधि’ हा प्रश्न अधिक नेटाने पुढे नेते. पतिनिधनानंतर ऐंशी वर्षांची आई कुटुंबाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडते. तिच्या नकाराच्या उच्चारात ‘नहीं’ हा शब्द ‘नई’च्या जवळ सरकत जातो, आणि या श्लेषावर कादंबरीचा सारा पूर्वार्ध तोललेला आहे. पुढे ती मुलीकडे राहायला जाते. तेथे घडते ते कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म असे मला वाटते : आई जसजशी मोकळी होते, तसतशी स्वतंत्र, आधुनिक म्हणवणारी मुलगी थकते, काळजी वाहू लागते, आईसारखी होत जाते. वय ही देहापेक्षा भूमिकेची बाब आहे, ही गोष्ट लेखिकेने कोणत्याही विधानाशिवाय दोघींच्या हालचालींतून सिद्ध केली आहे.

इंग्रजी अनुवादाला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाल्यावर या कादंबरीची चर्चा मुख्यतः फाळणी आणि सीमा यांच्या अंगाने झाली. ते स्वाभाविक असले तरी माझी अडचण तेथेच सुरू होते. उत्तरार्धात आई पाकिस्तानात जाते आणि तिचे ‘चंदा’ हे नाव आपल्याला कळते. पण ते फाळणीपूर्वीचा पती अन्वर याच्यासह कळते. भिंतीकडे वळलेल्या पाठीला कारण नव्हते, तोवर तिचा नकार निरंकुश होता. आता त्याला पूर्वकथा मिळते, आणि एका पुरुषाच्या नात्यातून सुटलेली स्त्री दुसऱ्या पुरुषाच्या आठवणीत ओळखली जाते. हे नातेही इतिहासाने हिरावून घेतले होते आणि त्यावर हक्क सांगणे हे बंडच आहे, असा प्रतिवाद करता येईल. तो मला अंशतः मान्य आहे. तरीही स्वत्वाला प्रेमकथेचे प्रमाणपत्र लागावे, याची रुखरुख उरते.

या दृष्टीने कमी गाजलेली ‘समय सरगम’ मला अधिक धीट वाटते. दिल्लीत एकटी राहणारी अरण्या कोणाची आई नाही, विधवा नाही, तिच्या भूतकाळात उलगडण्याजोगे रहस्यही नाही. ईशानची सोबत ती स्वीकारते, पण त्याच्या श्रद्धांशी वाद घालत. कथानक सैल आहे आणि चर्चा काही ठिकाणी लांबते, हा आक्षेप खराच. परंतु घटनेविना केवळ जगत राहणारी वृद्धा रेखाटताना कथानकाने सैल होणे कितपत टळले असते? मात्र अरण्याच्या स्वातंत्र्याखाली घर आणि आर्थिक स्वावलंबन आहे, हे विसरून चालणार नाही. सूसनसारखी स्त्री म्हातारी होईल तेव्हा तिच्या उशाशी कोण बसेल, ही कथा या तिन्ही कृतींच्या बाहेरच राहते.