बिशपांचे भक्त, बिशपांचे टीकाकार : ‘चर्च टाइम्स’चे स्वातंत्र्य

एखाद्या धर्मपंथाविषयीचे नियतकालिक म्हणजे त्या पंथाचे मुखपत्र, असे आपण सहसा गृहीत धरतो. इंग्लंडमधील ‘चर्च टाइम्स’ हे साप्ताहिक या समजुतीत बसत नाही. ते चर्च ऑफ इंग्लंडच्या म्हणजे अँग्लिकन पंथाच्या घडामोडींना वाहिलेले आहे. पण त्याची मालकी चर्चकडे कधीच नव्हती आणि आजही नाही. ७ फेब्रुवारी १८६३ रोजी जॉर्ज जोसाया पामर या मुद्रकाने ते सुरू केले आणि १९८९ पर्यंत ते पामर घराण्याकडेच राहिले. या स्वातंत्र्याचे स्वरूप काय होते आणि त्याला मर्यादा कोणत्या पडल्या, हे या लेखात पाहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : बिशपांपासूनचे स्वातंत्र्य या पत्राला पहिल्या दिवशीच मिळाले; आपल्याच गोटापासूनचे स्वातंत्र्य मिळवायला मात्र त्याला नव्वदएक वर्षे लागली.

पामर ज्या पक्षाचा होता त्याची पूर्वपीठिका आधी ध्यानात घ्यायला हवी. १८३३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या काही धर्मगुरूंनी ‘ट्रॅक्ट्स फॉर द टाइम्स’ ही पुस्तिकांची मालिका काढायला सुरुवात केली. जॉन हेन्री न्यूमन, जॉन कीबल आणि एडवर्ड पुसी ही त्यांतली प्रमुख नावे. चर्च हे सरकारचे एक खाते नाही, ख्रिस्ताच्या शिष्यांपासून चालत आलेल्या बिशपांच्या अखंड परंपरेवर ते उभे आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. या सिद्धान्तात बिशपचे स्थान फार उंच होते आणि मालिकेचा शेवटही त्यामुळेच झाला. १८४१ मध्ये न्यूमनने लिहिलेल्या नव्वदाव्या पुस्तिकेवरून मोठे वादळ उठले. ऑक्सफर्डच्या बिशपने मालिका थांबवण्याची इच्छा व्यक्त केली आणि न्यूमनने ती थांबवली. बिशपचा शब्द मोडणे त्याच्या स्वतःच्याच तत्त्वात बसणारे नव्हते. पुढे १८४५ मध्ये तो रोमन कॅथलिक झाला.

पामर याच विचारपरंपरेतला, पण धर्मगुरू नव्हे. त्याच्या हाती छापखाना होता आणि काळही अनुकूल होता. वृत्तपत्रांवरची सक्तीची मुद्रांकपट्टी १८५५ मध्ये उठली, कागदावरचा कर १८६१ मध्ये गेला आणि स्वस्त वृत्तपत्र काढणे सामान्य मुद्रकाच्या आवाक्यात आले. धर्मगुरूला बिशपच्या परवान्याशिवाय काम करता येत नाही. मुद्रकाला त्या परवान्याची गरज नसते. न्यूमनला जे जमले नाही ते पामरला जमले यामागे जास्तीचे धैर्य शोधण्याचे कारण नाही. त्याची जागाच वेगळी होती. बिशपपदाला तत्त्वतः देवदत्त मानायचे आणि प्रत्यक्षातल्या बिशपांवर दर आठवड्याला टीका करायची, ही विसंगती या पत्राच्या जन्मातच होती. तिनेच त्याला जोम दिला, असे मला वाटते.

त्या जोमाची कसोटी लवकरच लागली. वेदीवर मेणबत्त्या लावणे, धूप जाळणे, जरीचे उपासनावस्त्र घालणे, प्रभुभोजनाच्या द्राक्षारसात पाणी मिसळणे अशा गोष्टी या पक्षाचे धर्मगुरू करीत. रोमन वळणाची उपासना म्हणून प्रॉटेस्टंट जनमताला ती खुपे. आर्चबिशप टेट यांच्या पुढाकाराने आणि डिझरायलींच्या पाठिंब्याने १८७४ मध्ये सार्वजनिक उपासना नियमन कायदा झाला. खटले चालवायला लॉर्ड पेन्झन्स हे न्यायाधीश नेमले गेले; ते पूर्वी घटस्फोटांच्या न्यायालयाचे न्यायाधीश होते. संसदेने नेमलेल्या न्यायालयाला उपासनेचा निवाडा करण्याचा अधिकारच नाही, असे म्हणून काही धर्मगुरूंनी त्याचे आदेश धुडकावले. १८७७ ते १८८७ या दहा वर्षांत अशा पाच धर्मगुरूंना तुरुंगात जावे लागले. त्यांपैकी सिडनी ग्रीन सुमारे वीस महिने लँकेस्टरच्या किल्ल्यात कैदेत होते. ‘चर्च टाइम्स’ने या मंडळींची बाजू लावून धरली. मेणबत्तीसाठी तुरुंग ही गोष्ट आज हास्यास्पद वाटेल. पण उपासनेचा अधिकार कोणाचा, राज्यसंस्थेचा की उपासकांचा, हा त्यामागचा प्रश्न हास्यास्पद नव्हता. पत्राने त्या काळी लढवलेल्या कितीतरी गोष्टी आज अँग्लिकन चर्चमध्ये सर्वमान्य आहेत आणि तो कायदा १९६३ मध्ये, म्हणजे पत्राच्या शताब्दीच्याच वर्षी, रद्द ठरवला गेला.

इथवरची कथा विजयाची आहे, आणि तिथेच समीक्षकाने सावध व्हायला हवे. लढाऊ पत्राला शत्रू लागतो आणि वाचकही एकाच बाजूचा लागतो. बिशपाकडून पैसा घेत नसलेले पत्र वर्गणीदारांकडून तो घेतेच. मग बिशपाला जे निर्भयपणे सुनावता येते ते वर्गणीदाराला सुनावता येते का? सत्ताधाऱ्यावर टीका करताना गोटातले लोक पाठ थोपटतात. गोटावर टीका केली तर अंक बंद करण्याचे पत्र येते. एकोणिसाव्या शतकातले ‘चर्च टाइम्स’ मला शूर वाटते, पण मोकळे वाटत नाही.

या पक्षाच्या स्वातंत्र्यप्रेमाची मर्यादा मराठी वाचकाला एका ओळखीच्या नावामुळे स्पष्ट दिसेल. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीमंडळाच्या आश्रयाला राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे भगिनीमंडळ आणि पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काम करणारे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील धर्मगुरू, दोघेही ‘चर्च टाइम्स’ ज्या पक्षासाठी लढत होते त्याच पक्षाचे. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना पुढे आली तेव्हा मुंबईच्या बिशपने हरकत घेतली. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात अधिकारी व्यक्तींची आज्ञा पाळण्याचा आग्रह एका बाजूला आणि सदसद्विवेकाचा हक्क दुसऱ्या बाजूला, असा सामना दीर्घकाळ चालला. ‘चर्च टाइम्स’शी या पत्रांचा थेट संबंध नाही. पण ज्या पक्षाचे धर्मगुरू इंग्लंडात विवेकाला स्मरून न्यायालयाचे आदेश मोडत होते, त्याच पक्षाने एका हिंदी स्त्रीकडून निमूट आज्ञापालनाची अपेक्षा करावी, हे विसरता येत नाही. रमाबाईंच्या मागे छापखाना नव्हता, वर्गणीदारही नव्हते. ‘पुणे वैभव’ने १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेणाऱ्यांची नावे छापून रानडे-टिळकांना ग्रामण्यात ओढले, ही हकीकत आपल्याला पाठ असते. त्याच मिशनच्या पाठीमागे इंग्लंडातले एक बंडखोर वृत्तपत्रीय जग होते, हे मात्र आपल्या लेखनात क्वचित येते.

पत्राचे दुसरे स्वातंत्र्य विसाव्या शतकातले, आणि ते संपादकांनी कमावलेले. १९२४ मध्ये सिडनी डार्क संपादक झाले. ते धर्मगुरू नव्हते, व्यवसायाने पत्रकार होते. रोझमंड एसेक्स यांनी १९५० ते १९६० या काळात संपादन केले. त्या या पत्राच्या पहिल्या स्त्री-संपादक. ज्या चर्चमध्ये स्त्रीला धर्मगुरू होता येत नव्हते, त्या चर्चमधल्या परंपरानिष्ठ पक्षाचे पत्र एक स्त्री चालवत होती. चर्चने स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली ती १९९४ मध्ये. छापखान्याची खुर्ची वेदीच्या कितीतरी आधी स्त्रीला मिळाली, याचे कारण तीच जुनी गोष्ट : त्या खुर्चीला बिशपचा परवाना लागत नव्हता. पत्राची सहानुभूती एका पक्षापुरती न राहता अँग्लिकन विविधतेकडे आणि इतर ख्रिस्ती पंथांकडे वळू लागली ती याच दशकाच्या मध्यापासून. सुसंस्कृत, संयत असे ‘गार्डियन’ हे जुने अँग्लिकन साप्ताहिक १८४६ पासून चालत होते, सी. एस. लुइस यांची ‘स्क्रूटेप लेटर्स’ १९४१ मध्ये प्रथम त्यातच क्रमशः आली. ते १९५१ मध्ये बंद पडले. भांडखोर पत्र टिकले, आणि टिकल्यावर भांडणापलीकडे गेले.

घराण्यातले शेवटचे मालक-संपादक बर्नार्ड पामर यांनी १९९१ मध्ये पत्राचा इतिहास लिहिला, ‘गॅडफ्लाय फॉर गॉड’ या नावाने. गोमाशीची ही प्रतिमा सॉक्रेटिसाची. सुस्त घोड्याला डंख मारून जागे ठेवणारी. शीर्षक आकर्षक आहे, पण मला ते अपुरे वाटते. मालकानेच लिहिलेल्या इतिहासाला असे शीर्षक सोयीचे असते, कारण त्यात डंख नेहमी दुसऱ्याला बसतो. १९९३ ते २०१७ या काळात रोनाल्ड ब्लाइद यांनी या पत्रात चालवलेले ‘वर्ड फ्रॉम वर्मिंगफोर्ड’ हे सदर गोमाशीच्या प्रतिमेत कुठे बसवणार? एका खेड्यातले ऋतू, शेते, देवळातली उपासना यांविषयीचे ते शांत लेखन आहे. मेणबत्तीची लढाई कधीच जिंकून झाली होती. तिच्या उजेडात रोजचे जगणे पाहणारा लेखक पत्राला त्यानंतर मिळाला.

१९८९ मध्ये पत्र ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या धर्मादाय संस्थेकडे गेले. ही संस्था ज्या स्तोत्रसंग्रहाच्या उत्पन्नावर उभी राहिली, तो १८६१ साली त्याच ऑक्सफर्ड चळवळीच्या वातावरणातून निघाला होता. मालकी बदलली, पण ती चर्चच्या कार्यालयाकडे गेली नाही. घराण्याचे स्वातंत्र्य वारसाच्या मर्जीवर अवलंबून असते. संस्थेचे तिच्या घटनेवर. यांतले अधिक भरवशाचे कोणते, याचा निकाल आणखी काही दशकांनी लागेल. तोवर या पत्राच्या अंकांकडे पाहताना मी एकच कसोटी लावीन : बिशपांवर टीका किती, हे मोजण्याऐवजी आपल्याच वर्गणीदारांना न रुचणारा मजकूर त्यात किती सापडतो, ते पाहीन.