विषयाला मार्क, सिनेमाला भोपळा

गेल्या काही वर्षांत मराठी पडद्यावर थोर माणसांची रांग लागली आहे. डॉ. काशिनाथ घाणेकर झाले, पु. ल. झाले (तेही दोन भागांत), मग वसंतराव देशपांडे, आनंद दिघे, शाहीर साबळे, सुधीर फडके. जोडीला २०१८च्या ‘फर्जंद’पासून अधूनमधून एखादा गड सर होतोच आहे. यातले काही चित्रपट बरे आहेत. ‘मी वसंतराव’मधलं गाणं पुन्हा ऐकावं असं आहे. पण बाहेर पडणारा प्रेक्षक सगळ्यांविषयी एकच वाक्य बोलतो: काय हुबेहूब दिसलाय हो! रंगभूषाकाराला शाबासकी म्हणून ते ठीक. पण परीक्षणंही त्याच वाक्यावर साडेतीन तारे देऊन मोकळी होऊ लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं. आपण सिनेमा बघायला जातोय की तसबिरीला हार घालायला?

याच पुण्यात १९७९ साली हार न घालता थोरांवर चित्रपट झाला होता. नचिकेत आणि जयू पटवर्धन या आर्किटेक्ट जोडप्याचा ‘२२ जून १८९७’. प्लेग, रँड, चापेकर बंधू, गणेशखिंडीचा रस्ता. गोष्ट शाळकरी पोरालाही पाठ. आज कुणी ती घेतली तर पाचव्या मिनिटाला ढोल वाजतील आणि दामोदरपंत वाड्याचा जिना स्लो मोशनमध्ये उतरतील. पटवर्धनांचे चापेकर सनातनी घरातली हट्टी, जिद्दी पोरं आहेत. कॅमेरा त्यांच्या पाया पडत नाही आणि त्यांच्यावर निकालही देत नाही. कलादिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, कारण ते जुनं पुणं घरं बांधणाऱ्यांच्या नजरेनं उभं केलेलं होतं. त्यात टिळक होते सदाशिव अमरापूरकर. हे सांगितलं की लोक दचकतात. त्यांना ‘सडक’मधली महाराणी आठवते. ऐतिहासिक चित्रपटांच्या याद्या मात्र ‘२२ जून १८९७’ या नावावाचून सुखानं छापल्या जातात.

‘एक होता विदूषक’चं (१९९२) दुखणं वेगळं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पुलंची लेखणी आणि लक्ष्मीकांत बेर्डे म्हटल्यावर लोक हसायला गेले आणि विदूषकाची न हसणारी मुलगी बघून परत आले. ते त्यांनी बेर्डेंना माफ केलं नाही. आजही त्यांची ओळख ‘बनवाबनवी’च्या मीमपुरतीच.

हे न बघितले गेलेले चित्रपट. त्यांचं दुःख सरळ आहे. त्याहून वाईट गत वाखाणून वाया घालवलेल्या चित्रपटांची होते, आणि मला आज भांडायचंय ते त्यांच्यासाठी. म्हणजे मुख्यतः सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्यासाठी.

यांना कमी लेखलं गेलं असं म्हटलं की लोक पुरस्कारांची यादी तोंडावर फेकतात. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘अस्तु’साठी अमृता सुभाष, ‘कासव’चं सुवर्णकमळ. सगळं मान्य. पण आपल्याकडे त्यांचा चित्रपट दाखवतात कसा? ‘देवराई’ म्हणजे स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’ म्हणजे अल्झायमर, ‘कासव’ म्हणजे नैराश्य. खेळ संपला की पडद्यासमोर खुर्च्या मांडल्या जातात, तज्ज्ञ स्थानापन्न होतात आणि प्रेक्षक आपापल्या काकांची लक्षणं विचारू लागतात. काकांचं भलं होत असेल, मी आड येत नाही. पण ‘देवराई’तलं कोकणातलं ते रान नायक शेषच्या डोक्यात कसं शिरतं, कुठे संपतं आणि कुठे आजार सुरू होतो, हे दिग्दर्शकांनी दाखवलं कसं, असं त्या तासाभरात कुणी विचारत नाही.

भावेबाई कर्वे इन्स्टिट्यूटमध्ये समाजकार्य शिकवत होत्या आणि तिथून १९८५च्या ‘बाई’ या लघुपटाकडे आल्या. हे चरित्र त्यांच्या मुळावर आलं. हातात कॅमेरा आलेली समाजसेविका, असा शिक्का एकदा बसला तो बसला. ‘विषय छान हाताळलाय’ हा त्यावरचा ठरलेला शेरा.

‘अस्तु’ पुन्हा बघा. संस्कृतचे जाडे पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) मुलीच्या गाडीत बसलेत. मुलगी काही कामासाठी उतरली आहे. रस्त्यावरून हत्ती जातो. म्हातारा दार उघडून खाली उतरतो आणि त्याच्या मागे चालू लागतो. झालं; पुढचा सगळा चित्रपट या चालण्यातून निघतो. ज्याचं आयुष्य शब्दांत गेलं तो माणूस माहुताच्या कानडी बोलणाऱ्या बायकोच्या ओसरीला येऊन पडतो आणि तिला आई म्हणू लागतो. चन्नम्मा त्याला पोरासारखं सांभाळते. तिला निदान ठाऊक नाही, त्याची गरजही नाही. इकडे लेक त्याला शहरभर शोधते आहे, आणि त्या शोधात बापलेकीचे जुने हिशेब वर येत राहतात. आजाराची माहिती देणाऱ्या चित्रपटाला हत्ती लागत नाही, त्याला एमआरआयचं मशीन पुरतं. हत्ती आणावा लागतो तो स्मृती गेल्यावर माणसात उरतं काय, हे पाहणाऱ्याला.

‘दिठी’ तर त्याच्याही पुढचा. दि. बा. मोकाशींच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवरचा. रामजी लोहार, मुरलेला वारकरी. पोरगा पुरात गेलेला. पाऊस थांबत नाही, जुने सोबती पोथीला बसलेत, रामजीचं मन कुठेच लागत नाही. अशात गाय अडल्याचा निरोप येतो. अडलेली गाय सोडवायला गावात त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. किशोर कदमांनी हे काम ज्या तऱ्हेनं केलं आहे ते अभिनयाच्या वर्गात दाखवावं. घण पेलणारे ते जड हात गाईच्या अंगावर फिरताना हलके होत जातात. वर्षानुवर्षं ऐकलेलं अध्यात्म जिथे कामाला आलं नाही तिथे हात कामाला येतात. ते आपण ऐकत नाही, बघतो. भावेबाई १९ एप्रिल २०२१ला गेल्या आणि महिनाभरानं, करोनाच्या लाटेत, ‘दिठी’ ओटीटीवर आला. तो पाऊस अनेकांनी फोनवर बघितला. त्या दिवसांत मी वाचलेल्या श्रद्धांजलींमध्ये ‘सामाजिक भान’ ठायी ठायी होतं. पाऊस ऐकलेला एकही लेख नव्हता.

याच कुळातले आणखी काही. उमेश कुलकर्णींचं नाव निघालं की ‘वळू’ आणि ‘देऊळ’. मधला ‘विहीर’ (२००९) गाळला जातो. दोन मावस-चुलत पोरं, लपंडाव, एक विहीर, आणि एकाच्या मरणानंतर दुसऱ्याचं भटकणं. मरणावरचा यापेक्षा कोवळा आणि कठोर चित्रपट मराठीत मला आठवत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘गंध’मधली पहिली गोष्ट: लग्न न जमणारी मुलगी एका तरुणाच्या अंगाला येणाऱ्या उदबत्तीच्या वासाचा माग काढत जाते. पडद्यावर वास दाखवणं ही चेष्टा नाही, आणि इथे तो अमृता सुभाषच्या नाकपुड्यांतून दिसतो. त्या चित्रपटाच्या पटकथेला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. प्रेक्षक नंतरच्या ‘गुलाबजाम’ला आले. खाण्याला नेहमीच गर्दी होते.

आणि मंगेश जोशींचा ‘लेथ जोशी’. चित्तरंजन गिरींचा विजय जोशी हा लेथवरचा कसबी माणूस. कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली आणि त्याचा हात बिनकामाचा झाला. दुसऱ्या कुणी यात मोर्चा घातला असता, निदान एक भाषण. इथे घरातली बाकीची माणसं नव्या यंत्रांशी मजेत जुळवून घेतात आणि जोशी बघत राहतो. हा चित्रपट जुलै २०१८मध्ये लागला. ‘फर्जंद’ त्याआधी जूनमध्ये. भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये लेथपुढे उभं राहून आयुष्य काढलेली माणसं या शहराच्या घराघरांत आहेत. त्यांच्यापैकी कुणी तलवार चालवलेली नाही. तरी गर्दी कुठे झाली, हे सांगायला नको.

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं: संथ आहेत हो, काही घडतच नाही. अहो, चरित्रपटात तरी काय घडतं? जे घडायचं ते तुम्ही तिकीट काढण्याआधीच घडून गेलेलं असतं. तुम्ही फक्त हजेरीपट ताडून बघता: अमुक प्रसंग आला, तमुक गाणं आलं. आणि संथपणाची ही तक्रार पुण्यानं तर करूच नये. प्रभातच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट, पलीकडे लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, आणि जानेवारीत ‘पिफ’ महोत्सवाच्या रांगा. किआरोस्तामींच्या गाडीत दीड तास मुकाट बसणारे रसिक शास्त्रीबुवांच्या गाडीत दहाव्या मिनिटाला चुळबुळतात. इराणी माणूस गप्प बसला की ते मौन, आणि मराठी माणूस गप्प बसला की पटकथा ढिली!

दोष प्रेक्षकाइतकाच आम्हा लिहिणाऱ्यांचा आहे. कथा सांगा, विषयाची निकड सांगा, अभिनय ‘लाजवाब’ म्हणा, तारे द्या. ध्वनी आणि संकलन शेवटच्या ओळीत ‘तांत्रिक बाजू उत्तम’ म्हणून उरकून टाका. कवितेविषयी कुणी असं लिहिलं तर संपादक ते परत पाठवील. सिनेमाविषयी लिहिलेलं छापून येतं, आणि पुढचा निर्माता त्यातून एवढंच शिकतो की विषय मोठा हवा. मग तो चरित्रकोश उघडतो.

तेव्हा फिल्म क्लबवाल्यांना एक सुचवणं आहे. पुढच्या वेळी ‘अस्तु’ लावाल तेव्हा व्यासपीठावर संकलक आणि ध्वनिमुद्रक बसवा, डॉक्टरांना प्रेक्षकांत जागा द्या. मोहन आगाशे जातीनं आले तर ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत हे अर्धा तास विसरा. काकांच्या गोळ्यांविषयी त्यांना विचारू नका. हत्तीमागे चालताना पावलं अशी का टाकलीत, एवढं विचारा.