सातव्या ऋतूची बेगमी

एन. के. जेमिसिनच्या 'द ब्रोकन अर्थ' या कादंबरीत्रयीबद्दल बोलताना बहुतेक जण सुरुवात करतात ती खंड दुभंगण्यापासून. अलाबास्टर नावाचा माणूस जमिनीच्या पोटातली शक्ती हाताशी धरतो, साम्राज्याची राजधानी उद्ध्वस्त करतो आणि अख्ख्या खंडाला आडवी भेग पाडतो. प्रसंग जबरदस्त आहे, वाद नाही. पण मला ही पुस्तकं आठवतात ती एका पेयामुळे. 'सेफ' नावाचं हे पांढरं पेय परक्या माणसाशी बोलणी करायला बसलं की पुढे येतं. त्यात काहीही भलतंसलतं मिसळलं तर त्याचा रंग बदलतो, म्हणून ते प्यायचं. चवीसाठी कुणी पीत नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. इथे आधी खात्री पाजतात, की आम्ही तुला विष घालत नाही.

जादूने आणलेली आपत्ती म्हटलं की फँटसीत साधारण दोन गोष्टी होतात. गावं जळतात, आणि त्या राखेतून नायक उठतो. गावकरी पार्श्वभूमीला रडत राहतात. जेमिसिनचं वेगळेपण असं, की तिने आपत्ती रीतीभातीत, नावांत आणि कोठारात शोधली.

'द फिफ्थ सीझन' या पहिल्या खंडाच्या (२०१५) नावापाशी मराठी वाचक किंचित अडखळतो. आपले ऋतू मुळात सहा, त्यामुळे पाचव्याचं नवल वाटत नाही. चार ऋतूंच्या वर्षात पाचवा हा आगंतुक असतो. आपल्याकडे त्याला सातवा म्हणावं लागेल. भूकंप, ज्वालामुखी किंवा तसल्याच उत्पातामुळे किमान सहा महिने लांबलेला हिवाळा, अशी त्याची सरकारी व्याख्या आहे. हो, सरकारी. पुस्तकाच्या शेवटी जुन्या ऋतूंची यादी दिली आहे, प्रत्येकाचं नाव, काळ आणि कारण यांसकट, एखाद्या गॅझेटियरसारखी. एका ऋतूत बुरशीने पीक खाल्लं आणि दुष्काळ पडला, म्हणून त्याचं नाव बुरशीचा ऋतू. लोकांनी आपत्तीचं पंचांगच केलं आहे.

आणि पंचांग आलं की बेगमी आली. प्रत्येक वस्तीत धान्याचं कोठार असतं, घराघरात उचलून पळता येईल अशी भरलेली पिशवी असते. तटाच्या आतबाहेर मोकळी हिरवी जमीन राखलेली असते. एरवी तिथे बाग असेल, पण ऋतू आला की ती नांगरायची. मुलं खेळतात ती जागाही उद्याच्या भुकेच्या नावे लिहिलेली असते.

माणसाच्या नावाचंही तेच. आधी स्वतःचं नाव, मग उपयोगाचं नाव, मग वस्तीचं. मधलं नाव सांगतं की अडचणीच्या काळात तू कोणत्या कामाचा. ते मुलीला आईकडून आणि मुलाला बापाकडून मिळतं, कारण उपयोगी गुण रक्तातून उतरतात असा समज आहे. अशा २० जाती मान्य आहेत, वापरात ७. हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. मात्र जेमिसिन ही कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका आहे, तिच्या पानांमागे गुलामगिरीचा इतिहास उभा आहे. तो पुसून तिथे घाईने आपली जातव्यवस्था बसवली तर दोन्हींवर अन्याय होईल. मला जे ओळखीचं वाटलं ते एवढंच, की व्यवस्था टिकवायला 'वेळ आली तर' हे तीन शब्द पुरतात. वेळ आली तर कोण आत राहील आणि कोण तटाबाहेर जाईल, हे आधीच ठरलेलं असतं. वेळ शंभर वर्षं आली नाही तरी नावं तीच राहतात.

या शांततेची किंमत भरणारेही ठरलेले आहेत. ज्यांना भूकंप थोपवता येतो त्यांना ऑरोजीन म्हणतात, आणि शिवी द्यायची तर रॉगा. पहिल्या खंडात सायनाइट आणि अलाबास्टर एका चौकीवर पोचतात. तिथल्या खुर्चीत एक मूल बांधलेलं आहे. शस्त्रक्रियेने त्याचा स्वतःवरचा ताबा काढून घेतला आहे, फक्त हादरा शमवण्याची उपजत क्रिया शिल्लक ठेवली आहे. अशा चौक्यांच्या जाळ्यामुळे शहरांत लोक निर्धास्त झोपतात. हे प्रकरण वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं.

पण मला याहून अस्वस्थ करतो तो जिजा. तो राक्षस नाही. दगड घडवणारा गावातला कारागीर आहे, संसारी माणूस. आपला तीन वर्षांचाही न झालेला मुलगा ऑरोजीन आहे हे कळल्यावर तो त्याला मारहाण करून ठार करतो. बायको एसुनही ऑरोजीन आहे, हे तिने लपवलेलं. खंड दुभंगतो तेव्हा तीच हादरा गावाभोवतून वळवते. गाव वाचतं, आणि तेवढंच गाव वाचलं म्हणून इथे कोणीतरी 'तसलं' आहे हे उघड होतं. एसुनची प्रकरणं 'यू' असं संबोधून लिहिली आहेत. इंग्रजीत या शब्दाला जवळीक आणि अंतर दोन्ही पेलावं लागतं. मराठी कानाला मात्र तो 'तू' असाच ऐकू येतो, आणि सांगणारा तिच्या शेजारी बसलेला वाटतो.

दुसऱ्या खंडात बरंच काही घडतं ते कास्ट्रिमा नावाच्या जमिनीखालच्या वस्तीत. तिची प्रमुख इक्का ही ऑरोजीन. तिने उपयोग-नावाच्या जागी 'रॉगा' हीच शिवी लावली आहे. वस्ती बऱ्यापैकी नांदते. मग बाहेरचं सैन्य ऑरोजीनांना घालवून देण्याची अट घालतं, आणि शेजारी शेजाऱ्याबद्दल मत द्यायला निघतात. एसुन ते मतदानच उधळून लावते. तिचं करणं लोकशाहीचं नाही, पण कोण माणूस आहे हे मतांनी ठरवू देणंही तिला मान्य नाही. जेमिसिन हा पेच सोडवत नाही, आणि ते बरंच आहे.

तिसऱ्या खंडाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तिन्ही खंडांना ओळीने (२०१६ ते २०१८) ह्यूगो पारितोषिक मिळालं, ते योग्यच. पण 'द स्टोन स्काय'मध्ये जादूचा उगम, हजारो वर्षांपूर्वीचं शहर, हरवलेला चंद्र आणि आई विरुद्ध मुलगी हे सगळं इतकं मोठं होत जातं, की कास्ट्रिमाची माणसं मागे पडतात. त्यांनी वाळवंट तुडवलेलं आपण पाहतो, पुढे कथा एसुनबरोबर निघून जाते. चंद्र परत येतो, म्हणजे ऋतू कधीतरी थांबणार. मग ज्या नावांना, कायद्यांना, कोठारांना ऋतूचाच आधार होता त्यांचं काय? आपत्ती गेल्यावर तटाचा दरवाजा आपोआप उघडत नाही. तो उघडावा म्हणून इक्काला वस्तीच्या बैठकीत कोणाकोणाशी भांडावं लागलं असेल, ते भांडण वाचायला मी चंद्राची पन्नास पानं आनंदाने सोडली असती.