पंख होते की नव्हते?

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझे दोन जुने विद्यार्थी भेटायला आले आणि ओसरीवर बसून तासभर भांडले. आवाज इतका चढला की आईने माजघरातून मला हाक मारून विचारले, “बांधावरून लागलंय काय रे त्यांचं?” बांधावरून लागले नव्हते. बॅलरॉग नावाच्या एका राक्षसाला पंख होते की नव्हते, ह्यावरून लागले होते. थोरला नोकरीला लागलेला, धाकटा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. थोरल्याच्या मते पंख होते. धाकट्याच्या मते पंखबिंख काही नव्हते, ती नुसती सावली होती. दोघांनाही ती पाने जवळजवळ मुखोद्गत होती. शाळेत असताना ह्यांपैकी एकाने तरी मराठीच्या धड्यातले एखादे वाक्य असे घट्ट धरून ठेवले असते तर! हा विचार वाङ्मयाच्या रसिकाचा नव्हे, मास्तराचा होता, हे कबूल करतो.

ज्या कादंबरीवरून हे चालले होते ती ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी भाषा शिकवणारे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्कीन (१८९२-१९७३) ह्यांनी ती लिहिली. १९५४ आणि १९५५ ह्या दोन वर्षांत तिचे तीन भाग प्रसिद्ध झाले. तेव्हापासून तिचे चाहते तिच्यातल्या जादूविषयी, वंशावळींविषयी, अंगठीच्या सामर्थ्याविषयी अखंड वाद घालीत आले आहेत. आपल्याकडे अशा वादाकडे पाहून हसण्याची रीत आहे. मराठी कादंबरीचे बालपण ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्यांच्या अद्भुतात गेले. पुढे हरिभाऊंनी तिला मध्यमवर्गाच्या घरात आणून बसवले, आणि तेव्हापासून अद्भुत म्हणजे मुलांचा खाऊ असे आपण ठरवून टाकले. पुराणातली वांगी पुराणात. मीही तसेच समजत होतो. धाकट्याने पुस्तक ठेवून घ्या म्हटले म्हणून ठेवून घेतले, आणि शाळेत शिकलेल्या तेवढ्या इंग्रजीच्या आणि शब्दकोशाच्या बळावर पावसाळाभर वाचले.

पंखांचा प्रसंग असा आहे. पर्वताच्या पोटातल्या एका ओसाड नगरीत, खोल दरीवरच्या अरुंद पुलावर, गँडाल्फ हा जादूगार एकटा उभा राहून ह्या राक्षसाला अडवतो. तिथे लेखक आधी सांगतो की राक्षसाभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरली. मग काही वाक्यांनंतर तोच लेखक सांगतो की त्याचे पंख ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले. पहिल्या वेळी ‘सारखे’ आहे, दुसऱ्या वेळी नाही. वादाचे मूळ एवढेच. धाकटा पहिल्या वाक्याला चिकटून बसतो आणि वर विचारतो, पंख होते तर पूल तुटल्यावर तो दरीत कोसळला कसा? थोरला दुसऱ्या वाक्याला चिकटतो आणि म्हणतो, कोंबडीलाही पंख असतात.

आता अलंकार शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. सावली हे उपमेय, पंख हे उपमान, ‘सारखे’ हा साधर्म्यवाचक शब्द: ही सरळ उपमा झाली. दुसऱ्या वाक्यात साधर्म्यवाचक शब्द गेला, एवढेच नव्हे, तर उपमेयही गेले. सावलीचे नावच नाही, उरले ते फक्त पंख. उपमानाने उपमेय गिळून टाकावे, ह्याला आपल्या साहित्यशास्त्रात अतिशयोक्तीचा एक प्रकार मानले आहे. मम्मटाने तो पहिलाच सांगितला आहे. तेव्हा प्रश्न राक्षसाच्या शरीररचनेचा नाही. ते दुसरे वाक्य अलंकार म्हणून वाचायचे की वस्तुस्थिती म्हणून, हा तो प्रश्न आहे. आणि अद्भुत वाङ्मयाची खरी अडचण इथेच आहे. सामाजिक कादंबरीत ‘तिच्या डोळ्यांतून निखारे पडले’ असे लिहिले तर कुणी चटई जळली का म्हणून विचारीत नाही. जिथे खरोखरीच निखारे पडू शकतात अशा जगात हेच वाक्य लिहिले, की वाचकाला थांबावे लागते. भीतीने माणसाला सावलीचे पंख दिसू लागतात आणि मग ते पंखच होतात, हा क्रम टोल्कीनने त्या थोड्या वाक्यांत साधला आहे असे मला वाटते; म्हणून माझा कौल धाकट्याकडे पडतो. परंतु थोरल्याने वाद घातला नसता तर मी ती वाक्ये दोनदा वाचली नसती. ज्या वादाने वाचक पुन्हा वाक्याकडे जातो त्याला पोरकट कसे म्हणावे?

सगळेच वाद असे नसतात. ह्याच कादंबरीत टॉम बाँबाडिल नावाचा एक आनंदी, गाणारा, पिवळ्या बुटांचा म्हातारा आहे. ज्या अंगठीने राजे आणि ऋषी भ्रष्ट होतात ती तो बोटात घालतो आणि अदृश्य होत नाही. उलट तिलाच क्षणभर नाहीशी करून हसतो. हा कोण? कुणी म्हणतात देवदूत, कुणी म्हणतात निसर्ग, कुणी प्रत्यक्ष परमेश्वर, कुणी खुद्द लेखक. मूळ शोधू गेले तर टोल्कीनच्या मुलाची एक डच बाहुली होती, तिचे हे नाव. १९३४ साली त्यांनी त्या नावावर एक कविताही छापली होती. पुस्तक बाहेर पडण्यापूर्वीच, १९५४ च्या एप्रिलात, नेओमी मिचिसन ह्या लेखिकेला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगून टाकले की पुराणकाळातही काही कोडी राहिलीच पाहिजेत, आणि बाँबाडिल हे मुद्दाम ठेवलेले कोडे आहे. त्याच वर्षी ऑक्सफर्डातले एक धर्मनिष्ठ पुस्तकविक्रेते, पीटर हेस्टिंग्ज, ह्यांनी टोल्कीनना शंका कळवल्या. बाँबाडिलविषयी त्याची सखी जे उत्तर देते ते देवाविषयीच्या बोलण्यासारखे वाटते, हे कसे? टोल्कीननी लांबलचक उत्तर लिहायला घेतले आणि ते धाडलेच नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देतो आहोत असे त्यांना वाटले. १९८१ साली त्यांची निवडक पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा हा न धाडलेला खर्डा सर्वांनी वाचला. मला तो त्यांच्या कित्येक पूर्ण लेखांहून मोलाचा वाटतो. उत्तर येत असूनही न देणे लेखकाला किती जड जाते, हे त्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

ह्याच्या अगदी उलट घडले ते अमेरिकेत. रॉबर्ट जॉर्डन हे पदार्थविज्ञानाचे पदवीधर, व्हिएतनामच्या युद्धात लढलेले. ‘द व्हील ऑफ टाइम’ ही त्यांची कादंबरीमाला १९९० साली सुरू झाली. कालचक्र, युगे, पुनर्जन्म अशी आपल्या ओळखीची सामग्री तीत पुष्कळ आहे, आणि जादू तर प्रयोगशाळेत शिकवावी इतकी नियमबद्ध आहे: पृथ्वी, वायू, अग्नी, जल आणि आत्मतत्त्व असे तिचे पाच धागे, आणि ते विणायचे. मालेच्या पाचव्या खंडाच्या शेवटी (१९९३) ॲस्मोडियन नावाचा एक खलपुरुष दार उघडतो, समोरच्याला ओळखतो आणि मरतो. मारले कुणी, हे लेखक सांगत नाही. चाहत्यांनी त्यावर सतरा वर्षे वाद घातला. कुणाला किती वाजता कुठे असणे शक्य होते ह्याची टिपणे झाली. जवळजवळ प्रत्येक पात्रावर आरोपपत्र ठेवले गेले. जॉर्डन म्हणत, उत्तर मजकुरातच आहे. २००७ साली ते वारले. उरलेली मालिका ब्रँडन सँडरसन ह्यांनी त्यांच्या टिपणांवरून पुरी केली, आणि २०१० च्या ‘टॉवर्स ऑफ मिडनाइट’च्या अखेरीस, परिशिष्टातल्या शब्दसूचीत, ग्रेंडाल ह्या बाईच्या नावापुढे जाता जाता नोंद आली की खून तिने केला.

शब्दसूचीत! सतरा वर्षांची जागरणे एका नोंदीत मिटली. पण मला वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. उत्तर कळल्यावर त्या मृत्यूच्या पानाकडे परत जाण्याचे कारणच उरत नाही. तिथे एक कुलूप होते, किल्ली मिळाली, आत खोली नव्हती. सँडरसन ह्यांनीच २००७ साली एक नियम मांडला आहे, की वाचकाला जादू जितकी उमगलेली असेल तितकीच तिच्या बळावर लेखकाने पेच सोडवावेत. नियम शहाणपणाचा आहे, आयत्या वेळच्या चमत्काराला त्याने चांगला लगाम बसतो. मात्र त्यात जादू म्हणजे पेच सोडवण्याचे हत्यार हे गृहीतच आहे. बाँबाडिल कसलाच पेच सोडवीत नाही. अंगठी त्याच्याकडे ठेवायला द्यावी अशी सूचना निघते तेव्हा गँडाल्फ म्हणतो की तो ती विसरून जाईल.

हे सगळे मी वरच्या पायरीवर उभा राहून बोलतो आहे असे कुणाला वाटू नये. माझ्या एका कादंबरीत विहिरीपाशी बांगड्यांचा आवाज ऐकणारी एक म्हातारी आहे. नववीतल्या एका मुलीने ती वाचली आणि मधल्या सुटीत मला गाठून विचारले, “सर, आवाज खरा होता की आजीला भास व्हायचा?” कुणीतरी आपली कादंबरी वाचली ह्याचाच मला इतका आनंद झाला की मी तिला सांगून टाकले: भास. लिहिताना मला हे ठाऊक नव्हते. त्या क्षणी, शिक्षकाला उत्तर आलेच पाहिजे ह्या सवयीने, मी ते बनवले. ती “अच्छा” म्हणाली आणि गेली. पुस्तक दुसऱ्या दिवशी परत आले. त्यानंतर ती विहीर मलाही पूर्वीसारखी दिसली नाही.

टोल्कीनचेही पुढे असेच काहीसे झाले. आपल्या ग्रंथाचे सर्वांत निष्ठुर चाहते तेच निघाले. त्यांच्या मूळ पुराणकथेत पृथ्वी आधी सपाट होती, आणि सूर्य-चंद्र हे दोन दिव्य वृक्षांचे अखेरचे फळ आणि फूल. उतारवयात त्यांना वाटू लागले की आजचा वाचक हे मानणार नाही. पृथ्वी पहिल्यापासून गोल करायला हवी. तसे करू गेले तेव्हा सगळी इमारतच हलू लागली. ‘द सिल्मरिलियन’ त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. १९७७ साली मुलाने, क्रिस्टोफर टोल्कीन ह्यांनी, ते जुळवून छापले.

मात्र एक प्रश्न असा आहे की तिथे लेखकाने ‘असू द्या कोडे’ म्हणून चालत नाही. तो ऑर्कांचा. ऑर्क म्हणजे शत्रूचे सैन्य, कुरूप, क्रूर, हजारोंनी मरणारे. एका लढाईत लेगोलस आणि गिम्ली हे दोघे मित्र त्यांना मारण्याची पैज लावतात. एकाचे एकेचाळीस होतात, दुसऱ्याचे बेचाळीस, आणि क्रिकेटच्या धावा सांगाव्या तसे ते सांगतात. आता पाप नवे काही निर्माण करू शकत नाही, असलेले बिघडवू शकते, ही टोल्कीनची कॅथॉलिक श्रद्धा. कादंबरीतही ती सांगितली आहे. मग ऑर्क आले कुठून? ‘सिल्मरिलियन’मध्ये उत्तर आहे: धरून नेलेल्या, छळून बिघडवलेल्या एल्फांपासून. तसे असेल तर त्यांना आत्मा आहे. आत्मा असेल तर सुटकाही असली पाहिजे. आणि सुटका असेल तर ती बेचाळिसांची मोजणी? टोल्कीन ह्या ठिकाणी अडले. त्यांची उशिराची टिपणे १९९३ साली छापली गेली. त्यांत ते कधी ऑर्कांना पशूंपासून काढू पाहतात, कधी माणसांपासून, आणि कशावरच ठरत नाहीत.

आपल्याला हा पेच परका नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण नरकासुर म्हणून कारीट पायाखाली चिरडतो आणि पाडव्याला बळीचे राज्य येवो म्हणतो. तोही असुरच. एकाला अंगठ्याखाली आणि एकाला पाटावर का, हे लहानपणी मी विचारले होते. उत्तर काय मिळाले ते आठवत नाही.

कादंबरीत शत्रूकडून लढणारा एक माणूस मरून पडतो तेव्हा सॅम हा साधा माळी त्याच्याकडे पाहून थबकतो: हा मुळात वाईट होता, की कुणी फसवून, धाक घालून इतक्या दूर आणला? ऑर्काच्या प्रेतापाशी असे कुणी थबकत नाही. पण दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी दोन ऑर्क नायक, शाग्रट आणि गोर्बाग, पहाऱ्यावर बोलत बसतात. वरिष्ठांना कंटाळलेले आहेत. लढाई संपली की चारदोन भरवशाचे गडी घेऊन कुठेतरी निघून जावे, जिथे डोक्यावर साहेब नसेल, असे त्यांचे मनसुबे चालतात. हे संभाषण कुठल्याही छावणीत ऐकू येईल. टोल्कीन स्वतः १९१६ साली सोमच्या खंदकांत होते. ह्या एका पानावर त्यांच्या हाताने त्यांच्या सिद्धान्ताला मागे टाकले आहे, आणि ऑर्कांना आत्मा आहे म्हणणाऱ्या चाहत्यांचा पक्ष ह्या पानामुळे मला खरा वाटतो.

यंदाच्या सुटीत ते दोघे पुन्हा आले तेव्हा मी हे पान त्यांच्यापुढे ठेवले. थोरला म्हणाला, “पण सर, पुढं काय होतं? दोघांचं लुटीवरून फाटतं. शाग्रट गोर्बागला मारून टाकतो. ऑर्क ते ऑर्कच.” हेही खरेच आहे, तिसऱ्या भागात एका मौल्यवान चिलखतावरून त्यांची जुंपते. धाकटा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आपल्या तालुक्यात बांधावरून काय होतं?”

थोरल्याने चहा संपवला आणि कप खाली ठेवत म्हणाला, “ते असू दे. पंख होते.”