गोळ्या नऊ, सेकंद किती?

‘चंदू चॅम्पियन’ मी जून २०२४ मध्ये मालाडला, लिंक रोडवरच्या मॉलमध्ये पाहिला. स्टेशनकडे येताना रिक्षात आम्ही तिघं बोलत होतो ते १९६५च्या युद्धात मुरलीकांत पेटकरांना लागलेल्या नऊ गोळ्यांबद्दल. ते ५० मीटर किती वेळात पोहले, हे एकालाही आठवेना.

३७.३३ सेकंद. १९७२, हायडेलबर्ग, विश्वविक्रम. भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण, अभिनव बिंद्राच्या ऑलिम्पिक सुवर्णाआधी तब्बल ३६ वर्षं.

दोष फक्त आमचा नाही. कार्तिक आर्यनने जीव ओतलाय, कबीर खानना गोष्ट रंगवता येते. पण त्यांचा सिनेमा सुरू होतो तो म्हातारे पेटकर अर्जुन पुरस्कारासाठी पोलीस ठाण्यात येतात तिथून, आणि संपतो पद्मश्रीवर. म्हणजे खेळाडू आपल्याला आधी भेटतो तो तक्रारदार म्हणून. त्याच्या जिद्दीला आपण टाळ्या वाजवतो. पायांची साथ नसताना नुसत्या हातांनी पाणी कापायचं तंत्र काय असतं, हे विचारायचं राहूनच जातं.

खऱ्या पेटकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, सिनेमा येऊन गेल्यावर.

त्यांच्याच सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य जिंकलं. १६.३२ मीटर. त्याच्यावर सिनेमा येईल तेव्हा येईल. हा आकडा मी आत्ताच पाठ केलाय.