पत्ता नसलेले पत्र : ‘सलाम बॉम्बे!’विषयी

मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ १९८८ साली आला. कान महोत्सवात त्याला ‘कॅमेरा द’ऑर’ हा सन्मान मिळाला, पुढे ऑस्करसाठी नामांकनही मिळाले. त्याबरोबरच आरोपही झाला, की देशाची गरिबी परदेशात विकली. आमच्या मते या आरोपाचा रोख चुकला आहे.

कृष्णाने रागाच्या भरात भावाची मोटारसायकल जाळलेली असते. भरपाईचे ५०० रुपये कमावल्याशिवाय घरी यायचे नाही, ही आईची ताकीद. सर्कस त्याला मागे टाकून निघून जाते आणि तो मुंबईत येतो. ग्रँट रोड परिसरात चहा पोचवता पोचवता त्याचे नावही जाते, उरतो ‘चायपाव’. आईला पत्र लिहवून घ्यायला तो पत्रलेखकाकडे जातो. या छोट्या भूमिकेत इरफान खान आहेत. गाव सांगता येते, धड पत्ता मात्र सांगता येत नाही.

महाड-पोलादपूरच्या आपल्या घरांना हा प्रसंग परका वाटू नये. मुंबईहून येणाऱ्या खताची आणि मनिऑर्डरीची वाट पाहण्यात आपल्या आधीच्या पिढ्यांची हयात गेली. चित्रपटात उणे आहे ते इथेच. वाट पाहणारे ते दुसरे टोक त्यात दिसत नाही. आई केवळ बोलण्यात येते, तिची बाजू कळत नाही.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांनाच शिबिरात तयार करून नायर यांनी पडद्यावर आणले. कृष्णा झालेल्या शफीक सय्यदला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्याने बंगळुरूत रिक्षा चालवून पोट भरले. चित्रपटातूनच ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला, अनेक मुलांना आसरा मिळाला, हे नाकारता येणार नाही. तरीही टाळ्या थांबल्यावर त्या मुलाचे काय, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न केवळ नायर यांनाच विचारून आपली सुटका होत नाही. ढाबे, हॉटेले आणि घरकामात चौदा वर्षांखालील मुले ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून कायद्याने बंदी आहे. महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलात कपबशा विसळणारा मुलगा दिसला, तर आपण त्याला ‘ए छोटू’ म्हणतो आणि चहा मागवतो. पडद्यावरच्या चायपावसाठी डोळे पुसणाऱ्या आपण त्या छोटूला त्याचे नाव आणि गाव कधी विचारले आहे काय?